दोन घरांचे मूल आणि खर्चाची वाटणी: नांदेड-लातूरच्या संदर्भात एक आढावा

१. प्रश्नाची मांडणी

पती-पत्नी वेगळे राहू लागल्यावर मुलांचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न भारतीय कायद्याला नवा नाही. परंतु मूल जितके दिवस आईकडे राहते जवळजवळ तितकेच दिवस वडिलांकडेही राहत असेल, तर तो खर्च कसा वाटावा, याचे उत्तर आजही कोणत्याही एका कलमात सापडत नाही. याचे कारण असे की 'पोटगी' ही कल्पनाच मुळी एक देणारा आणि एक घेणारा गृहीत धरून उभी आहे. मूल एका घरी राहते, पैसे दुसऱ्या घरातून येतात आणि न्यायालयाने फक्त रक्कम ठरवायची असते. समान संगोपनात, म्हणजे दोन्ही पालक मुलाचा दैनंदिन सांभाळ सारख्याच प्रमाणात करतात अशा व्यवस्थेत, मुलासाठी दोन्ही घरी चूल पेटते. त्यामुळे देणे कोणाचे आणि येणे कोणाचे, हे ठरवण्यापूर्वी मुलाचा 'खर्च' कशाला म्हणायचे, हेच आधी ठरवावे लागते.

अशी व्यवस्था न्यायालयाच्या आदेशाने होणे महाराष्ट्रात अपवादात्मक आहे, हे खरे. परंतु आदेशावाचून, आपसांत ठरवून चालणाऱ्या व्यवस्थांची नोंद कोठेच होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे साडेतेरा लाख व्यक्ती घटस्फोटित, तर त्यांच्या जवळजवळ तिप्पट व्यक्ती विभक्त म्हणून नोंदल्या गेल्या. म्हणजे मोडलेल्या संसारांपैकी बहुतांश संसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्यापर्यंत पोहोचतच नाहीत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अशा वेळी दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसून बोलणी करतात, सोन्या-भांड्यांचा हिशेब होतो, मूल कोणाकडे राहील हे ठरते. मुलाच्या खर्चाविषयी मात्र 'दोघांनी मिळून बघावे' एवढेच ठरून बैठक उठते. वाद पुढे सुरू होतो तो या 'मिळून' शब्दापाशी.

येथे दोन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. 'पालकत्व' म्हणजे मुलाच्या देहाविषयी आणि मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, तर 'ताबा' म्हणजे मूल प्रत्यक्षात कोणाजवळ राहते ती स्थिती. संयुक्त ताब्यात पुन्हा दोन प्रकार संभवतात: निर्णय दोघांचे पण मुक्काम एकाकडे, किंवा निर्णयही दोघांचे आणि मुक्कामही दोघांकडे. खर्चाच्या वाटणीचा खरा पेच दुसऱ्या प्रकारात उद्भवतो, आणि प्रस्तुत आढावा मुख्यतः त्याच प्रकाराविषयी आहे.

२. पूर्वपीठिका: पोटगीमागचे गृहीत

फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीची तरतूद मूलतः निराधारपणा टाळण्यासाठी होती. १८९८ च्या संहितेतील कलम ४८८, १९७३ च्या संहितेतील कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४ या तिन्हींचा गाभा एकच आहे: ऐपत असूनही जो सांभाळ करत नाही, त्याला दरमहा रक्कम देण्यास भाग पाडणे. कलम १२५ खालील पोटगीला २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती त्या वर्षीच्या दुरुस्तीने गेली. या मार्गाचा भर हयगयीवर असल्यामुळे, दोघेही सांभाळ करतात पण हिशेबावरून भांडतात, अशा पालकांसाठी तो अवघडच ठरतो.

दिवाणी कायद्याची भाषा अधिक व्यापक आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० ने मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी हिंदू पुरुषावर जितकी टाकली आहे तितकीच स्त्रीवरही टाकली आहे. त्याच अधिनियमातील 'निर्वाह' या शब्दाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार यांचा, तसेच अविवाहित मुलीच्या बाबतीत विवाहाच्या वाजवी खर्चाचाही समावेश होतो. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली न्यायालय दाव्यादरम्यान आणि नंतरही मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी आदेश देऊ शकते आणि ते वेळोवेळी बदलूही शकते. मुस्लीम कुटुंबांच्या बाबतीत, आणि नांदेड शहरात त्यांची संख्या मोठी आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात असे ठरवले की घटस्फोटित मुस्लीम स्त्रियांविषयीच्या १९८६ च्या कायद्यातील दोन वर्षांची मर्यादा मुलांच्या स्वतंत्र हक्काला लागू होत नाही आणि कलम १२५ खाली पित्याची जबाबदारी कायम राहते.

कायद्याच्या पोथीत दोघांची जबाबदारी सारखी असली, तरी व्यवहारात ती तशी कधीच नव्हती. मराठी समाजात 'टाकलेल्या' स्त्रियांच्या प्रश्नाला चळवळीचे रूप आले ते १९८० च्या दशकात. संगमनेर येथे समता आंदोलनाने १९८८ मध्ये भरवलेली परित्यक्ता परिषद आणि लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाईत 'मानवलोक'च्या मनस्विनी प्रकल्पाने सुरू केलेले काम ही त्याची ठळक उदाहरणे होत. त्या काळातील मागण्या पोटगी, निवारा आणि शिधापत्रिका यांच्या होत्या. मूल निम्मे दिवस वडिलांकडे राहील ही शक्यता त्या चर्चेत क्वचितच दिसते, कारण वडिलांनी मुलाकडे पाठ फिरवलेली असणे हाच तेथील सर्वसाधारण अनुभव होता. आजच्या वादातील काही अविश्वास या इतिहासातून आलेला आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील भूमिका नीट समजत नाहीत.

३. न्यायालयीन वाटचाल

दोघेही कमावते असताना मुलांचा खर्च कसा वाटावा, याचे पहिले ठळक गणित सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या प्रकरणात मांडले. पतीचा पगार पत्नीच्या सुमारे दुप्पट असल्याने मुलांच्या निर्वाहाचा भारही दोघांनी २:१ या प्रमाणात उचलावा, असे न्यायालयाने म्हटले. मुले तेथे आईकडेच होती. म्हणजे उत्पन्नाचे प्रमाण विचारात आले, पण मुक्कामाचे प्रमाण आले नाही.

त्यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणातील होय. ४ नोव्हेंबर २०२० च्या या निर्णयाने पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही पक्षांनी मत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले आणि मुलांच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व शिक्षण यांच्या जोडीला शिकवणी वर्ग आणि व्यावसायिक प्रशिक्षण यांचाही विचार व्हावा, मात्र तो अवाजवी नसावा, असे नमूद केले. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे पित्याने करावा, परंतु पत्नी नोकरी करणारी आणि पुरेसे कमावणारी असेल तर तो प्रमाणशीर वाटता येईल, हे त्यातील वाक्य समान संगोपनाच्या चर्चेत वारंवार पुढे येते. लातूरसारख्या शिकवणीच्या शहराला 'शिकवणी वर्ग' हे दोन शब्द किती जड पडतात, याची कल्पना ते लिहिताना न्यायालयाला असेल किंवा नसेल.

प्रत्यक्ष समान मुक्कामाचा बहुचर्चित निवाडा शेजारच्या कर्नाटकातील आहे. के. एम. विनया विरुद्ध बी. आर. श्रीनिवास या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुलाने जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे राहावे, तसेच त्याच्या शिक्षणाचा व इतर खर्च दोघांनी सारखा उचलावा, असा आदेश दिला. त्यानंतर मे २०१५ मध्ये भारतीय विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याला कायद्यात स्पष्ट स्थान द्यावे, मात्र तो नियम म्हणून गृहीत धरू नये, अशी शिफारस केली. त्यासोबत मुलाच्या निर्वाहखर्चाविषयी स्वतंत्र तरतुदी सुचवल्या आणि गरजेनुसार तो वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत चालू ठेवण्याची मुभा न्यायालयाला असावी असेही म्हटले. त्या शिफारशींचा कायदा झालेला नाही. परिणामी नांदेड आणि लातूर येथील कौटुंबिक न्यायालयांपुढे आजही जे आहे ते केवळ 'मुलाचे हित' हे सर्वोच्च तत्त्व आणि दोघांची प्रतिज्ञापत्रे. भागिले-गुणिले करण्याचा कोणताही तक्ता नाही.

४. वाटणीच्या भूमिका

पहिली भूमिका निम्म्या-निम्म्याची आहे. वेळ सारखा, तर खर्चही सारखा. हिच्या बाजूने मोठा युक्तिवाद सोपेपणाचा आहे: उत्पन्न शोधावे लागत नाही, दरवर्षी पगारपत्रक मागावे लागत नाही, कोणी कोणाचे उपकार घेत नाही. संमतीने घटस्फोट घेणारी जोडपी तडजोडीच्या अटींत बहुधा हीच भाषा वापरतात. आक्षेप असा की सारखी रक्कम म्हणजे सारखा भार नव्हे.

दुसरी भूमिका उत्पन्नाच्या प्रमाणाची, म्हणजे पद्मजा शर्मा प्रकरणाच्या वळणाची आहे. तिच्यातही दोन उपपक्ष आहेत: एकाच्या मते फक्त शाळा, दवाखाना अशा सामाईक खर्चालाच प्रमाण लावावे आणि घरचे जेवणखाण ज्याचे त्याने पाहावे; दुसऱ्याच्या मते दोन्ही घरांतील मुलावरचा सगळा खर्च एकत्र धरून त्याला प्रमाण लावावे. हा भेद कागदावर किरकोळ दिसतो. तो किती मोठा आहे हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, नांदेडमध्ये तरोडा नाक्याजवळ राहणारी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून तिला हाती दरमहा ६०,००० रुपये मिळतात, वजिराबादेत दुकान असलेल्या वडिलांचे उत्पन्न ४०,००० रुपये आहे, आणि सातवीतील मुलगी एक आठवडा इकडे व एक आठवडा तिकडे राहते. शाळेची फी, शाळेची रिक्षा, वह्या-पुस्तके, चष्मा, दवाखाना असा सामाईक खर्च वर्षाला १,२०,००० रुपये असून तो सगळा आई भरते. याशिवाय प्रत्येक घरी मुलीवर महिन्याला ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये खर्च होतात. निम्म्याच्या नियमाने वडिलांनी आईला वर्षाला ६०,००० रुपये द्यावे लागतील. फक्त सामाईक खर्चाला ३:२ हे प्रमाण लावले तर ही रक्कम ४८,००० होते. सगळा २,४०,००० रुपयांचा खर्च एकत्र धरला, तर वडिलांचा वाटा ९६,००० रुपये येतो. त्यांपैकी ६०,००० ते स्वतःच्या घरी आधीच खर्च करत असल्याने देणे उरते ३६,००० रुपये. म्हणजे मूल तेच, दिवस तेच, पावत्याही त्याच, आणि महिन्याचा आकडा मात्र ५,०००, ४,००० किंवा ३,००० रुपये.

उदाहरणात आईचे उत्पन्न मुद्दामच जास्त धरले आहे, कारण प्रमाणाचा नियम नेहमी आईच्या बाजूने झुकतो हा समज दोन्ही बाजूंना आढळतो आणि तो बरोबर नाही. तो नियम झुकतो तो लपलेल्या उत्पन्नाच्या बाजूने. शिक्षिकेचा पगार शासनाच्या शालार्थ वेतन प्रणालीतून निघतो आणि शेवटच्या रुपयापर्यंत दिसतो, तर दुकानाचे उत्पन्न दुकानदार सांगेल तेवढे. रजनेश प्रकरणातील प्रतिज्ञापत्राने ही दरी कमी केली असली तरी बुजवलेली नाही.

तिसरी भूमिका बाबनिहाय वाटणीची. शाळेची फी एकाने भरावी, दवाखाना व विमा दुसऱ्याने. कपडे ज्याच्या घरी घ्यायचे त्याने घ्यावेत. मध्यस्थी करणाऱ्यांना ही पद्धत सोयीची वाटते, कारण महिन्याच्या महिन्याला पैशांची देवघेव उरत नाही. तिची दुखरी बाजू अशी की बाबी स्थिर राहत नाहीत: पहिलीत असताना फी घेतलेल्या पालकाचा भार अकरावीत कितीतरी पटींनी वाढतो, तर दवाखाना घेतलेल्याचा कदाचित कमीही होतो. शिवाय काही वस्तू मुलाबरोबर फिरतात. दप्तर एकच असते आणि ते दर सोमवारी घर बदलते. स्वेटर, कंपासपेटी, सायकल यांचे तसे होत नाही. सायकल ज्या घरी राहिली त्या घरची झाली, आणि दुसऱ्या घरी दुसरी घ्यावी लागली, तर ती कोणाच्या खात्यात धरायची, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नांवरून मोठ्या तडजोडी मोडतात.

चौथी भूमिका समान वाटणीच्या कल्पनेकडेच साशंकतेने पाहते. तिच्या मते समान ताब्याची मागणी पुष्कळदा पोटगी कमी करून घेण्यासाठी होते. कागदावर पंधरा दिवस वडिलांकडे असलेले मूल प्रत्यक्षात आजीच्या हाती असते आणि ताप आला की आईलाच फोन येतो. शाळेतील पालकसभा, लसीकरण, परीक्षेच्या आधीची जागरणे यांची किंमत कोणत्याच वहीत चढत नाही. याला उत्तर देणारे म्हणतात की वडिलांच्या घरची आजी मोजायची नसेल, तर माहेरी राहणाऱ्या आईच्या घरचे आजोबा-मामाही मोजू नयेत. मराठवाड्यात विभक्त झालेली स्त्री बहुधा माहेरच्या आधाराने राहते, आणि मामाने भाचीची भरलेली फी ही आईने केलेला खर्च समजायची की मामाची भेट, हा प्रश्न या प्रत्युत्तरामुळे अधिकच टोकदार होतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असण्याची शक्यता येथे नाकारता येत नाही.

५. परदेशातील सूत्रांविषयी थोडेसे

ब्रिटनमध्ये मूल देणाऱ्या पालकाकडे वर्षातून किती रात्री राहते यावर कपात ठरते: ५२ रात्रींपासून एक सप्तमांश, आणि १७५ रात्रींपासून निम्मी; दैनंदिन सांभाळ खरोखर समान असेल तर देणेच उरत नाही. ऑस्ट्रेलियात २००८ पासून दोघांचे उत्पन्न एकत्र करून मुलाचा अपेक्षित खर्च तक्त्यातून काढतात आणि ४८ ते ५२ टक्के सांभाळ हा निम्मा मानतात. कॅनडात मूल किमान ४० टक्के वेळ दोघांकडेही असेल तर प्रत्येकाचे तक्त्यातील देणे काढून एकमेकांतून वजा करतात. मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही वजाबाकी फक्त सुरुवात आहे, दोन घरे चालवण्याचा वाढीव खर्चही पाहिला पाहिजे, असे बजावले. दोन घरांचा एकूण खर्च एका घरापेक्षा जास्त असतो, ही साधी गोष्ट भारतीय निकालपत्रांत फारशी मांडली जात नाही. या देशांत नोकरदारांचे उत्पन्न करखात्याला ठाऊक असते, हे या सूत्रांमागचे खरे भांडवल होय, आणि नेमके तेच येथे नसते.

६. नांदेड-लातूर: उत्पन्नाचा ऋतू आणि शिकवणीची दोन वर्षे

या दोन जिल्ह्यांत दरमहा समान रक्कम ही कल्पना पहिल्यांदा अडते ती शेतीपाशी. सोयाबीनची रास दसरा-दिवाळीच्या सुमारास होते, तूर त्यानंतर येते, हरभरा उन्हाळ्याच्या तोंडाशी. शाळेची फी आणि वह्या-पुस्तके मात्र जूनमध्ये लागतात, जेव्हा शेतकऱ्याचा पैसा बी-बियाणे आणि खतात गेलेला असतो. आडतीवरची पट्टी हाती आल्यावर दोन हप्त्यांत देणे शक्य असलेला पालक बारा हप्त्यांच्या आदेशाखाली थकबाकीदार ठरतो, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद असल्याने तो प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

रजनेश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेती करणाऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना दिला, हे या भागाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यात जमिनीचे क्षेत्र, फेरफाराची कागदपत्रे, जमीन कोरडवाहू की बागायती, पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, बटईने घेतलेली जमीन, जनावरे आणि दुग्धव्यवसाय यांची माहिती विचारली जाते. परंतु ज्या घरात सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि चार भाऊ एकत्र कसतात, तेथे मुलाच्या वडिलांचे उत्पन्न शून्य दाखवणेही खोटे नसते आणि खरेही नसते. वडिलोपार्जित जमिनीतील त्याचा हिस्सा धरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचा मार्ग न्यायालयापुढे असतो. पण अंदाजाचे प्रमाण करून खर्च ३:२ किंवा ४:१ असा वाटणे म्हणजे वाळूवर रेघ ओढण्यासारखे होते.

दुसरा आणि मोठा पेच अकरावी-बारावीचा. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' हा मुळात बोर्डाच्या परीक्षेतील यशाचा होता. नंतर त्याचे केंद्र वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांकडे सरकले आणि लातूरचा ट्यूशन एरिया हा मराठवाड्यातील अनेक घरांच्या अंदाजपत्रकाचा भाग झाला. नांदेडनेही शिकवणीत आपले स्थान निर्माण केले आहे. या दोन वर्षांच्या खर्चात शिकवणीची फी, रूमचे भाडे, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज आणि महिन्यातून एक-दोन एसटी फेऱ्या येतात. तडजोडीत 'शिक्षणाचा खर्च उभयतांनी निम्मा-निम्मा सोसावा' असे एकच वाक्य असले, की वाद त्या वाक्याच्या प्रत्येक शब्दावर होतो: शिक्षण म्हणजे कॉलेजची फी, की शिकवणीही? मेस हे शिक्षण, की जेवण? जेवण असेल तर ते ज्याच्या वाट्याच्या आठवड्यात आले त्याचे, की दोघांचे?

या ठिकाणी समान संगोपनाची व्याख्याच विरघळते. नांदेडच्या मुलीने लातूरला रूम केली की ती वर्षातील बहुतेक रात्री ना आईच्या घरी असते, ना वडिलांच्या; रात्री मोजणारे प्रत्येक सूत्र येथे मुके होते. पुष्कळ कुटुंबांत आई किंवा आजी मुलासोबत लातूरला रूम करून राहते, डबे करते, पहाटे उठवते. विभक्त आईने असे केले तर ती आपले काम सोडते, घरभाडे दुप्पट करते आणि समान संगोपनातून कधीच बाहेर पडलेली असते. तरी जुनी अट निम्म्याचीच सांगते. अशा वेळी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली आदेश बदलून मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा दावा, पुन्हा प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा तारखा, आणि तोपर्यंत दोन वर्षांपैकी एक सरलेले असते.

निर्णय कोणाचा हा उपप्रश्नही येथेच आहे. वर्ग आईने निवडला आणि फी वडिलांना कळवली, तर ते निम्मे देण्यास बांधलेले आहेत का? एका मताप्रमाणे पूर्वसंमती नसलेला मोठा खर्च करणाऱ्याने तो स्वतःच सोसावा; दुसऱ्या मताप्रमाणे या अटीमुळे न बोलणाऱ्या पालकाला नुसत्या मौनाने प्रवेश अडवण्याचे हत्यार मिळते. दोहोंच्या मधला मार्ग म्हणून अमुक रकमेच्या वरच्या खर्चाची लेखी सूचना द्यावी आणि ठरावीक दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजावी, असा तोडगा सुचवला जातो, आणि उपलब्ध तोडग्यांत तो सर्वांत व्यवहार्य वाटतो. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्याने वर्ग मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी, वसतिगृह व मेसच्या रकमेसह, परत मिळायला हवी. ती ज्याच्या नावाने पावती आहे त्याच्या हाती पडते, ज्याने निम्मे भरले त्याच्या नव्हे, हे तडजोड लिहिताना क्वचितच लक्षात घेतले जाते.

७. दोन पत्ते आणि सरकारी कागद

खर्चाची वाटणी केवळ दोन पालकांतच होते असे नाही; शासनही त्यात एक भागीदार असते आणि शासनाच्या कागदावर पत्त्याची जागा एकच असते. शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांसाठी घर ते शाळा हे अंतर पाहिले जाते. मुलीचे घर तरोडा नाक्याला की वजिराबादेत, हे मग पालकांच्या सोयीने नव्हे तर अंतराने ठरते. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील शुल्कसवलतीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते, आणि वरच्या उदाहरणातील दोघांचे उत्पन्न जोडले तर ते बारा लाख होते, वेगवेगळे धरले तर कोणाचेच आठ लाखांपर्यंत पोहोचत नाही. बालसंगोपन योजनेखाली एकल पालकांच्या मुलांना मिळणारे साहाय्य तर 'एकल' या स्थितीलाच बांधलेले आहे. दोन पालक खरोखर समान सांभाळ करत असतील तर मूल एकल पालकाचे कसे, आणि तरीही दोन्ही घरे गरीब असतील तर त्याने मदतीला का मुकावे, याचा विचार योजनांच्या भाषेत आढळत नाही.

करकायद्यातही असेच घडते. आयकर कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाचे उत्पन्न, उदाहरणार्थ आजोबांनी नातीच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज, आई-वडिलांपैकी जास्त उत्पन्न असलेल्याच्या उत्पन्नात मिळवले जाते; विवाह संपुष्टात आला असल्यास, जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्या उत्पन्नात. सांभाळ करणारा एकच असतो, हे गृहीत येथेही कायम आहे. शिकवणी शुल्कावरील वजावटीचे मात्र तसे नाही. ज्याने जेवढे पूर्णवेळ शिक्षणसंस्थेला भरले तेवढ्यावर तो जुन्या करप्रणालीत मर्यादेपर्यंत वजावट मागू शकतो, म्हणून पावती दोन नावांनी विभागून घेण्याचा सल्ला करसल्लागार देतात. खासगी शिकवणी वर्गाची फी या वजावटीत बसत नाही.

८. अठरावे वर्ष

पालकांनी आपसांत काहीही ठरवले तरी मुलाच्या निर्वाहाचा हक्क मुलाचा असतो आणि एका पालकाने तो सोडून दिला म्हणून नाहीसा होत नाही, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो हा हक्क कोठवर चालतो याविषयी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, शारीरिक किंवा मानसिक अक्षमता नसल्यास, सज्ञान होताच मुलाचा हक्क संपतो. १९५६ च्या अधिनियमातील कलम २० मुलाला अज्ञान असेपर्यंतच निर्वाह देते. अविवाहित मुलीला मात्र, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, त्यानंतरही, आणि अभिलाषा विरुद्ध प्रकाश या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उर्वशी अग्रवाल प्रकरणात अठराव्या वर्षी मुलगा जेमतेम बारावी होत असतो, तेव्हा पित्याची जबाबदारी तेथे संपते असे म्हणता येत नाही, अशी भूमिका घेऊन आईला मिळणाऱ्या रकमेत त्या खर्चाचा विचार केला. परंतु तो मार्ग आईच्या पोटगीतून जातो, मुलाच्या स्वतःच्या हक्कातून नव्हे. आई स्वतः चांगली कमावती असेल, आणि समान संगोपनाच्या प्रकरणांत ती बहुधा असते, तर तो मार्ग बंदच होतो.

नीट परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि एका प्रयत्नात हवी ती जागा न मिळालेली मुले लातूरला आणखी एक वर्ष 'रिपीटर' म्हणून थांबतात. जुळी भावंडे, एक मुलगा व एक मुलगी, त्याच वर्गात, त्याच बॅचला, शेजारच्या दोन रूममध्ये राहून हे वर्ष काढत असतील, तर बहिणीची मेस दोन्ही पालकांकडून कायद्याने मागता येते आणि भावाची, अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, ज्याला द्यावीशी वाटेल त्या पालकाच्या मर्जीवर राहते. तडजोडपत्रात वयाऐवजी 'पदवी पूर्ण होईपर्यंत' असे शब्द घालून हा फरक मिटवता येतो, आणि काही वकील तसे घालतातही. न्यायालयापर्यंत न गेलेल्या, बैठकीत ठरलेल्या तडजोडींत मात्र असा कागदच नसतो.